करवती काठाच्या दिवसांतल्या वड्या

आज जेवायला काय मिळणार हे बघायला आम्ही पोरं स्वयंपाकघरात जात नसू, मागाच्या खोलीत जायचो. मागावर साधं कापड असलं की उड्या मारत पाटावर! आणि करवती काठाची साडी लागलेली दिसली की तोंडं पाडून माझ्या आईच्या पदराला लोंबकळायचं, "आज तूच काहीतरी कर ना." पाहुण्यांना याचा काही केल्या उलगडा होत नसे, आणि सांगितलं तर खरं वाटत नसे. पण अगदी खरं सांगते, आमच्या घरचा स्वयंपाक चांगला होणार की वाईट, हे मोठेबाबांच्या मागावर काय लागलंय त्यावर ठरायचं!

मोठेबाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ, आणि मोठी आई म्हणजे त्यांची बायको. मला सांगायचं आहे ते मोठ्या आईबद्दल. गेल्या पावसाळ्यात तिच्या हातच्या चार वड्यांसाठी माझा जीव नुसता कासावीस झाला होता, आणि तिने तर दोन वर्षांपासून चुलीकडे आणि गॅसकडे, दोन्हींकडे पाठ फिरवली होती. ती पुन्हा रांधेल का, एवढाच काय तो प्रश्न. पण माझं आणि माझ्या पोटातल्या बाळाचं खाणं त्यावर अडून बसलं होतं. त्याचं सांगतेच, पण आधी मोठी आई हे काय प्रकरण आहे ते कळायला हवं.

भंडाऱ्यापासून जवळच आमचं गाव, आणि गावात आमची विणकरांची आळी. घरात मागाची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच मातीची भिंत. भिंतीच्या पलीकडे मोठेबाबा खड्ड्यात पाय सोडून विणत बसायचे आणि अलीकडे मोठी आई रांधायची. ती रांधायची ती मागाच्या ठोक्यांवर. मोजून! आयता उलटायचा तो बारा ठोक्यांनी. (आयते म्हणजे तांदळाच्या पातळ पिठाचे, जाळी पडलेले, आमच्याकडचे. न खाल्लेल्या माणसाची मला खरंच दया येते.) फोडणीला सहा ठोके. कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांची वडी तेलात टाकली की एका अंगाने साठ ठोके आणि दुसऱ्या अंगाने साठ. भाताचा आकडा तर हजाराच्या पुढे होता आणि तो तिने कधी कुणाला सांगितला नाही. मोजताना तिचे ओठ हलत राहायचे. मध्येच कुणी काही विचारलं तर ती झारा वर करायची. झारा वर म्हणजे तोंड बंद ठेवा.

साधं कापड असलं की एकच धोटा, म्हणजे आडवं सूत पळवणारं लाकडी अवजार. तो डावीकडून उजवीकडे पळतो, उजवीकडून डावीकडे पळतो, आणि ठोके कसे भराभर पडतात. त्या दिवसांतलं मोठ्या आईचं जेवण! काय सांगू! लाखोळीच्या डाळीचं घट्टसर वरण, तळ्यातले झिंगे भेद्रं म्हणजे टमाटे घालून, वरून मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि सोनेरी खुसखुशीत कोचईच्या वड्या. आमच्या आळीतून जाणारा माणूस वास घेत घेत पाच मिनिटं उगाच चप्पल दुरुस्त करत उभा राहायचा.

आणि करवती? करवतीचे काठ म्हणजे दोन्ही बाजूंना बारीक दात. त्याला तीन धोटे लागतात, डाव्या काठाचा एक, मधल्या अंगाचा एक आणि उजव्या काठाचा एक. दर ओळीला तिघांना एकमेकांत अडकवायचं आणि मगच ठोका मारायचा. साध्या कापडाचे दहा ठोके होतात तेवढ्यात करवतीचे दोन झाले तर नशीब. पण मोठ्या आईचा हिशेब ठाम होता. साठ म्हणजे साठ! मग त्या साठ ठोक्यांत वडीचा कोळसा झाला तरी बेहत्तर. भात खाली लागायचा, वरण आटून पिठलं व्हायचं आणि आयता तव्यावरून खरवडून काढावा लागायचा.

कुणी तोंड वाकडं केलं तर ती शांतपणे म्हणायची, "करवती सुरू हाये ना बाप्पा. करवतीची चव हाये थे." जणू करपलेपणा साडीतूनच झिरपून वड्यांत आला होता. आणि गंमत अशी की, हळूहळू आम्हालाही ती एक वेगळी चवच वाटायला लागली. काळी, कडक, कडसर, चावताना कर्रकन वाजणारी. करवतीची वडी.

माझ्या बाबांनी एकदा हौसेने भिंतीवरचं घड्याळ आणलं होतं. मोठ्या आईने ते हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि म्हणाली, "याले का समजते? याले ना भूक लागत, ना थकवा येत." दुसऱ्या दिवशी घड्याळ शेळीच्या खोपट्यात खिळ्याला टांगलेलं. "शेळीले पाहू दे टाइम." बाबा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. शेळीने मात्र तक्रार केली नाही.

मोठेबाबांची तर कायमची पंचाईत. विणता विणता माणसाला खोकला येतो, तहान लागते, पाठ खाजते. पण हात थांबला की भिंतीतून आवाज आलाच, "अजी, थांबू नका! वड्या तेलात हायेत!" बिचारे मोठेबाबा पाठ खाजवण्याचा विचार पुढे ढकलून धोटा फेकायचे. धागा तुटला तर मग विचारूच नका. "धागा तुटलाऽऽ!" असं ते तिकडून ओरडायचे आणि माझी आई हातातलं असेल ते टाकून धावायची आणि कढई उतरवून खाली ठेवायची. मोठी आई मात्र तिथेच उभी. आकडा तोंडात धरून. चव्वेचाळीस, चव्वेचाळीस, चव्वेचाळीस. गाठ मारली जायची, ठोका पडायचा, कढई पुन्हा चुलीवर आणि मग पंचेचाळीस!

एकदा साड्या न्यायला येणारे एक व्यापारी ऐन तळणीच्या वेळी आले आणि मागापाशी गप्पा मारत बसले. मोठेबाबा घरी आलेल्या माणसासमोर धोटा कसा हलवणार? आई त्या दिवशी माहेरी, म्हणजे कढई उतरवणारं कुणी नाही. आणि मोठ्या आईने त्या कोळसा झालेल्या वड्या चक्क ताटलीत घालून व्यापाऱ्यांच्या पुढ्यात ठेवल्या. त्यांनी एक खाल्ली, तीनदा पाणी मागितलं आणि "वा, छान" म्हणाले. "तुमीच तं केल्या," मोठी आई म्हणाली, "बोलून बोलून." पुढच्या खेपेपासून ते अंगणातूनच हाक मारायचे, "वहिनी, येऊ का? तेलात काही नाही ना?"

इथे माझ्या आईबद्दल दोन शब्द लिहिले नाहीत तर ती मला घरात घेणार नाही. आई साकोलीकडची, घड्याळ बघून आणि चव घेऊन रांधणारी, सरळ बाई. तिची रांधायची पाळी असली की सगळं कसं बेताचं आणि जिथल्या तिथे असायचं. ना कमी, ना जास्त. आणि त्यामुळेच की काय, तिच्या जेवणाची आम्हा कुणालाच एकसुद्धा आठवण नाही! मोठ्या आईच्या आयत्यांच्या, जळक्या भाताच्या गोष्टी निघाल्या की आम्ही हसून हसून लोळायचो आणि आई भांडी जरा जोरात आपटायची. "तीस वर्षं चांगलं खाऊ घातलं, थे गेलं पाण्यात," ती म्हणते. तिचं म्हणणं अगदी बरोबर आहे, आणि तरीही आम्हाला आठवतं ते मोठ्या आईचंच.

मग मोठेबाबांचा उजवा खांदा गेला. आधी दुखायचा, मग वर उचलेना. डॉक्टरांनी माग बंद करायला सांगितलं. शेवटची साडी कशीबशी उतरवली आणि माग मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या आईने नेहमीसारखा भात चढवला. झारा हातात घेऊन भिंतीकडे कान करून उभी राहिली. भाताचं पाणी आटलं, वास सुटला, धूर झाला. तरी ती उभीच. आईने धावत येऊन भांडं उतरवलं. मोठ्या आईने झारा धुतला, पुसला, खिळ्याला अडकवला आणि अंगणात जाऊन बसली. "मी नाही रांधत आता," म्हणाली. बस. एवढंच.

आम्हाला वाटलं, चार दिवसांत होईल सुरळीत. कसलं! दोन वर्षं झाली. आई रांधायची, मोठी आई भाजी निवडून द्यायची, पीठ चाळून द्यायची, पण विस्तवापाशी जायची नाही. मोठेबाबा ओसरीवरच्या खाटेवर पडून असायचे. ताट आलं की जेवायचे आणि म्हणायचे, "चांगलं हाये." असं म्हणायचे की आईला रडू यायचं. आम्ही सगळ्यांनी आपापसात ठरवून टाकलं होतं की, बिचारीला ठोक्यांशिवाय रांधताच येत नाही. चाळीस वर्षं आकड्यांवर चाललेली बाई, आकडे गेले आणि ती अडकली. मीही तसंच समजत होते.

गेल्या पावसाळ्यात मला दिवस गेले होते. तिसरा महिना गेला, चौथा गेला, बायका म्हणाल्या आता थांबेल. पाचवा लागला तरी उलट्या थांबेनात! पाणीसुद्धा पोटात टिकेना. साकोलीला, माझ्या सासरी, दोनदा सलाईन लावून झालं. वजन वाढायचं सोडून उतरायला लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काहीही खा, पण पोटात राहू दे. आता बाळाचं वजन वाढायला पाहिजे." त्यांनी ते हसत सांगितलं नाही, म्हणून मी घाबरले. नवऱ्याने मला माहेरी आणून सोडलं.

आणि माहेरच्या अंगणात पाय ठेवला, तर परसात कोचईची पानं ही एवढाली! ती पानं बघितली आणि माझ्या तोंडाला पाच महिन्यांत पहिल्यांदा पाणी सुटलं. मला वड्या हव्या झाल्या. सोनेरी नाही. करवतीच्या! त्या काळ्या, कडक, कडसर! मी भर अंगणात ओरडले, "मोठी आई, मले करवतीच्या वड्या पाह्यजेत!"

मोठी आई पानं तोडत होती. तिचा हात थांबला. "माग कुठं हाये आता?" ती म्हणाली आणि पानं आईच्या हातात देऊन निघून गेली.

मग घरात वड्या करपवण्याची जी मोहीम सुरू झाली ती बघण्यासारखी होती. आईने तळल्या. पण जन्मात काही न करपवलेली बाई ती! वडी तांबूस झाली की तिचा हात आपोआप कढईत जायचा. "आई, जळू दे!" मी म्हणायचे. "अवं, जळू दे जळू दे कशी म्हणतेस, अन्न हाये थे," आई म्हणायची. दुसऱ्या खेपेला तिने डोळे मिटून घेतले, तर वड्या बाहेरून काळ्या आणि आतून पिठूळ. एक घास घेतला आणि मी सरळ मोरीकडे पळाले. माझ्या भावाच्या फोनमध्ये मागावर बसलेल्या मोठेबाबांचा जुना व्हिडिओ होता. तो त्याने मोठ्या आईच्या कानाशी नेऊन मोठ्या आवाजात लावला. तिने ऐकला आणि म्हणाली, "हे तं साधं कापड होय. पोरीले करवती पाह्यजे." आणि पुन्हा अंगणात! भाऊ हात चोळत राहिला.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी मोरीपाशी भिंतीला टेकून बसले होते. पोटात काहीच नव्हतं तरी उलट्या होत होत्या. ओसरीवरच्या खाटेवरून मोठेबाबा उठले. उठले आणि थेट स्वयंपाकघरात शिरले. त्या घरात जन्मलेला माणूस, पण चुलीजवळ त्यांना मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी डाव्या हाताने पाट ओढला, कढईसमोर बसले आणि हाक मारली, "इकडं ये वो! तेल ठेव!"

मोठी आई दारात आली. "माग कुठं हाये?"

"माग राहू दे. मी हावो ना."

 तिने पदर खोचला. खिळ्यावरचा झारा काढला. आईने उकडून कापून ठेवलेल्या वड्या पुढे सरकवल्या आणि मी भिंत धरत धरत दारापर्यंत आले. तेल तापलं. मोठेबाबांनी डोळे मिटले, उजवा हात मांडीवर ठेवला आणि तोंडाने विणायला सुरुवात केली.

"डावा... मधला... उजवा... खट्! डावा... मधला... उजवा... खट्!"

वड्या तेलात पडल्या. मोठ्या आईचे ओठ हलायला लागले! मी आईचा हात घट्ट धरला, आईने माझा. मांडीवरची मोठेबाबांची बोटं नुसती हलत होती, न दिसणारे धोटे एकमेकांत अडकवत. दहा झाले. वीस झाले. वड्या सोनेरी झाल्या, अगदी देखण्या. आईचा हात सवयीने पुढे गेला, मी मागे ओढला. तीस झाले. वास बदलला. धुराची बारीक रेघ वर आली आणि त्या वासाने मोठेबाबांचे डोळे उघडले. चाळीस वर्षं ते भिंतीच्या पलीकडे होते, वडी करपताना त्यांनी कधी बघितलीच नव्हती. ते दचकले आणि एकदम भराभर म्हणायला लागले, "डावा-मधला-उजवा-खट्! डावा-मधला-उजवा-खट्!"

"अजी!" मोठी आई ओरडली. "घाई कायले करून राहिले? काठाचा दात चुकन ना!"

"अवं, पण जळून राहिल्या ना त्या!"

"मले दिसत नाही का? डोळे हायेत मले."

मोठेबाबांचा माग तोंडातच थांबला.  तेल तेवढं तडतडत होतं.

"दिसून राहिलं तुले?" त्यांनी हळूच विचारलं. "अन् पहिलेबी दिसे?"

"चाळीस वर्सं दिसून राहिलं."

"मंग काढत काहून नव्हती?"

मोठ्या आईने झारा कढईच्या काठावर टेकवला. "तुमी तिकडं एकेक दात जोडत बसलेले, पाठ मोडून. अन् मी इकडं वड्या काढून मोकळी होऊ? मले नाही जमलं थे. तुमचे साठ झाले की माहे साठ."

"अन् हे दोन वर्सं?" मोठेबाबांनी विचारलं. "रांधता येते तुले, तं रांधत काहून नव्हती?"

"येते ना रांधता. न यायले का झालं?" ती म्हणाली. "पन एकटीनं काहून रांधू?"

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. आई तर हुंदके देऊन रडत होती. तीस वर्षं या बाईच्या शेजारी उभं राहून, इतक्यांदा धावत जाऊन तिची कढई उतरवून, तिलाही हे कळलं नव्हतं. आम्ही तिच्या जळक्या जेवणावर इतकं हसलो होतो, आणि ती एकदाही म्हणाली नाही की, पोरांनो, मला रांधता येतं.

मोठेबाबा पुन्हा कढईकडे वळले. "किती झाले?"

"अडतीस."

त्यांनी पाठ ताठ केली, पुन्हा डोळे मिटले आणि हळू, एकेक दात नीट जोडत म्हणाले, "डावा... मधला... उजवा... खट्." आणि असे साठ. मग वड्या उलटल्या आणि पुन्हा साठ. स्वयंपाकघर धुराने भरून गेलं, भाऊ खोकत खोकत खिडक्या उघडत सुटला, शेजारची बाई "का जळलं वो?" करत अंगणात आली आणि मोठ्या आईने तिच्याकडे न बघता झारा वर केला.

वड्या माझ्या पुढ्यात आल्या. काळ्या कुळकुळीत! मी एक उचलली. कर्रकन आवाज झाला. तीच! तीच चव! दुसरी खाल्ली, तिसरी खाल्ली, सात खाल्ल्या. आई तसराळं घेऊन तयारीत बसली होती. आम्ही थांबलो.  पाच मिनिटं झाली, पंधरा झाली, मोठी आई माझ्या पाठीवर हात ठेवून बसली होती आणि मला तिचे ओठ हलताना दिसत होते. काही झालं नाही. वड्या राहिल्या! पाच महिन्यांनी माझ्या पोटात अन्न राहिलं! मी मोठ्या आईच्या गळ्यात पडले, तर ती म्हणते, "अवं सांडन, सांडन, तेल गरम हाये!"

मोठेबाबा पाटावरच बसले होते. मागावरून उठेस्तोवर त्यांच्या वाट्याच्या वड्या नेहमी गार होऊन जायच्या. कढईतून उतरलेली वडी त्यांच्या हातात अशी कधी आलीच नव्हती. त्यांनी ताटलीतली एक उचलली, फुंकर मारली, चावली. बराच वेळ चावत राहिले. मग तोंड कसनुसं करून बायकोकडे बघितलं.

"लय कडू हाये वो."

मोठी आई पुढचा घाणा तेलात सोडत होती. तिने मान वळवलीसुद्धा नाही.

"मंग? काठ का सोपा होता तुमचा?"